स्पिरिटचे स्वॅब विमानाने पाठवताना

इंजेक्शनआधी दंडावर पुसतात ते स्वॅब आमची कंपनी बनवते. चौकोनी पाऊच, आत ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेली छोटी घडी. नैरोबीच्या ग्राहकाला घाई होती, म्हणून माल जहाजाऐवजी सहार कार्गोतून (मुंबई विमानतळाच्या मालविभागातून) विमानाने पाठवायचं ठरलं. डिस्पॅच माझ्याकडे. फॉरवर्डरने, म्हणजे माल पोचवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटने, एमएसडीएस (मालाच्या धोक्यांची माहिती देणारी शीट) चाळली आणि सांगून टाकलं, "मॅडम, हा डीजी, म्हणजे धोकादायक माल आहे. जनरल कार्गोत जाणार नाही."

त्याच्या बाजूने तो बरोबरच होता. वाहतुकीची माहिती शीटच्या १४व्या विभागात असते. तिथे छापलं होतं : यूएन १२१९ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), क्लास ३, म्हणजे ज्वालाग्राही द्रव. हा नंबर पिंपातल्या अल्कोहोलचा. शीट अल्कोहोल पुरवणाऱ्याची होती, स्वॅबची नव्हेच. घन पदार्थात मुरलेल्या ज्वालाग्राही द्रवाला यूएन ३१७५ लागतो, क्लास ४.१, म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थ. त्याचं लेबलही लालभडक नसतं. पांढऱ्यावर लाल उभे पट्टे. आणि याच नोंदीला आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत ए४६ ही विशेष तरतूद जोडलेली आहे. पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी, १ सर्वांत धोकादायक) २ किंवा ३चा द्रव सीलबंद पाऊचमध्ये १० मिलीपेक्षा कमी मुरलेला असेल आणि मोकळा द्रव अजिबात नसेल, तर त्या मालाला धोकादायक मालाचे नियम लागत नाहीत. आमचं अल्कोहोल ग्रुप २मधलं.

म्हणजे प्रश्न अल्कोहोल आहे की नाही हा नव्हताच. एका पाऊचमध्ये किती आणि ते सांडतं का, एवढंच दाखवायचं होतं. क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) पोरांनी ओला स्वॅब काट्यावर ठेवला, मग सुकवून पुन्हा ठेवला. फरक अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. मग पाऊचचा कोपरा कापून तो टिपकागदावर उलटा धरला. आतली घडी ओलसर, पण थेंब काही पडला नाही. हे सगळं लेटरहेडवर घेतलं, स्वॅबची स्वतंत्र एमएसडीएस करून घेतली आणि एअर वेबिलवर (विमानमालाच्या पावतीवर) 'नॉट रिस्ट्रिक्टेड' आणि ए४६ दोन्ही लिहायला लावलं. काउंटरवरच्या माणसाने तरतूद पुस्तकात शोधून, बोट ठेवून वाचली. मला ते आवडलं. "नेहमी जातं हो" म्हणून सोडून देणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

माल गेला. लगेच ग्राहकाची पुढची मागणी : त्याच पद्धतीने वाइप्सचे डबेही पाठवा.

इथे मात्र मी नाही म्हटलं. प्रत्येक वाइपमध्ये थोडंच अल्कोहोल असतं हे खरं, पण नियम सीलबंद नगाला लागतो आणि इथे नग म्हणजे अख्खा डबा. त्यात १० मिलीच्या कितीतरी पट अल्कोहोल. ए४६ची सवलत संपली. विमानाने पाठवायचे तर शिपर्स डिक्लरेशन (पाठवणाऱ्याची धोकादायक मालाची घोषणा), लेबलं, प्रशिक्षित माणसाची सही आणि चाचणी होऊन यूएन मार्क मिळालेले खोके. मर्यादित प्रमाणाच्या (लिमिटेड क्वांटिटी) सवलतीत बसवले तर खोक्याला मार्क लागत नाही, एवढंच. इतका खर्च वाइप्सच्या भावात बसेना.

डबे शेवटी न्हावा शेवाहून मोंबासाला गेले. समुद्राच्या नियमांतही यूएन ३१७५ तोच, पण आतला डबा १ किलोपर्यंत आणि पूर्ण खोकं ३० किलोपर्यंत असलं की लिमिटेड क्वांटिटी म्हणून पॅकिंग सोपं होतं. डेंजरस गुड्सची घोषणा तरीही द्यावीच लागली. ग्राहक अजून विचारतो, स्वॅबच्या कार्टनमध्ये दोन-चार डबे घालून द्याल का? देत नाही.