‘इंदिरा गांधी गेल्या त्या दिवशी मी…’ : घरातल्या आठवणी नोंदवताना

३१ ऑक्टोबर १९८४. वार बुधवार, आणि दिवाळीची अमावास्या होऊन बरोबर आठवडा झालेला. घरातल्या मोठ्या माणसांना ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ असं विचारायला बसणार असाल, तर एवढं आधी वहीत लिहून ठेवा. कारण ‘आम्हाला शाळेतून लवकर सोडलं’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना तेव्हा दिवाळीची सुटी होती.

म्हणून सांगणारा खोटं बोलतो असं मुळीच नाही. शाळा परराज्यातली असेल, जादा तास असेल, सुटी लवकर संपलेली असेल. आणखी एक शक्यता खास आपल्याकडची आहे. पुढच्याच महिन्यात, २५ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाण गेले. तोवर शाळा उघडल्या होत्या. एका महिन्यात दोन शोकसभा, तेच पटांगण, तेच दोन मिनिटं उभं राहणं. पुढे चाळीस वर्षांत त्यांची एकच आठवण होऊन बसली तर नवल नाही. त्यामुळे शाळेचा उल्लेख आला की मध्येच ‘अहो, सुटी होती’ म्हणू नका. ‘शाळेत कोण बोललं? फोटो कुणाचा ठेवला होता? स्वेटर घातला होता का?’ असं विचारा. उत्तरातून महिना आपोआप बाहेर येतो.

या कामात माझं ठाम मत एकच आहे. देशात काय झालं हे आपल्याला आजी-आजोबांकडून कळून घ्यायचं नाही. ते इतरत्र नोंदलेलं आहे. आपल्याला हवी आहे ती बातमी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत कशी आली ती वाट. कुणी सांगितलं, किती वाजता, कोणत्या शब्दांत, हातात तेव्हा काय होतं, आणि ऐकल्यावर पाय कुठे वळले. हे कुठल्याही वर्तमानपत्रात सापडणार नाही, आणि त्या माणसाबरोबर ते कायमचं जाईल.

१९८४ च्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची आहे. गोळ्या सकाळी नऊनंतर झाडल्या गेल्या. बीबीसीने मृत्यूची बातमी दिवसा दिली. आकाशवाणीने मात्र ती अधिकृतपणे संध्याकाळी सहाच्या सुमारास सांगितली. खुद्द राजीव गांधी त्या दिवशी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते आणि तेसुद्धा बीबीसी ऐकत होते. म्हणजे मधला अख्खा दिवस देश ‘हल्ला झालाय’ आणि ‘गेल्या म्हणे’ यांच्यामध्ये अडकलेला होता. म्हणून ‘रेडिओवर ऐकलं’ एवढ्यावर कधीही थांबू नये. रेडिओ कुणाचा? कोणतं स्टेशन? मराठीत, हिंदीत की इंग्रजीत? ‘आकाशवाणीवर दुपारी बाराला ऐकलं की गेल्या’ असं कुणी सांगितलं, तर दोनपैकी एक गोष्ट असते: हल्ल्याची बातमी ऐकलेली असते आणि मृत्यू आठवणीत नंतर जोडला गेलेला असतो, किंवा शेजारच्या शॉर्टवेव्हवरची बातमी तोंडोतोंडी आलेली असते. दोन्ही शक्यता टिपून ठेवाव्यात, कारण अफवा गावात किती तासांत पोचली याचा अंदाज त्यातूनच येतो.

टीव्हीचं प्रकरण आणखी अवघड आहे. दूरदर्शनचं नेहमीचं प्रसारण तेव्हा संध्याकाळचं असे, आणि ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या ओटीवर निम्मी आळी जमे. अंत्यसंस्कार ३ नोव्हेंबरला झाले आणि ते थेट दाखवले गेले. त्यामुळे ‘बातमी कळली तेव्हा आम्ही टीव्हीसमोर होतो, पार्थिव दिसत होतं, राजीव पांढऱ्या कपड्यांत उभे होते’ अशी आठवण येते तेव्हा बुधवार आणि शनिवार एकमेकांत मिसळलेले असतात. डोळ्यांनी पाहिलेलं चित्र कानांनी ऐकलेल्या बातमीला झाकून टाकतं. अशा वेळी ‘बातमी कळली त्या क्षणी’ आणि ‘टीव्हीवर पाहिलं तेव्हा’ असे दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळ्या दिवसांचे म्हणून विचारा. मध्ये चहा घेऊ द्या.

क्रिकेट आवडणारं माणूस समोर असेल तर एक पक्की खूण हाताशी आहे. त्या दिवशी भारताचा पाकिस्तानात, सियालकोटला, एकदिवसीय सामना होता. भारताच्या ४० षटकांत ३ बाद २१० झाल्या, दिलीप वेंगसरकर ९४ वर नाबाद राहिले, आणि सामना तिथेच सोडून द्यावा लागला. ज्याला हे आठवतं, त्याची दुपार बहुधा खरी असते.

आठवण इतकी ठसठशीत असूनही चुकते कशी, हे समजून घेतलं तर विचारणाऱ्याचा सूर बदलतो. १९७७ साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी अशा धक्कादायक बातम्यांच्या आठवणींवर लिहिलं, तेव्हा त्या फोटोसारख्या टिपल्या जातात अशी समजूत रूढ झाली. पुढे २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी अ‍ॅटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कशी कळली ते मानसशास्त्रज्ञ अलरिक नायसर यांनी लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर पहिल्याशी जुळलं नाही. सगळं जुळलं ते फक्त तिघांचं. आणि चुकलेलेही खात्रीनेच सांगत होते. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत आली नाही.

म्हणून ‘मला काल घडल्यासारखं आठवतंय’ हे वाक्य ऐकलं की मन भरून येतं, ते येऊ द्यावं, पण त्याला पुरावा मानू नये. चूक बहुतेक ठरावीक ठिकाणी होते: बातमी कुणाकडून कळली आणि किती वाजता. आधी एका क्षुल्लक माणसाकडून कानावर आलेलं असतं. नंतर घरच्यांसोबत टीव्ही पाहिलेला असतो. आठवणीत पहिला माणूस गळतो आणि घरचे उरतात. त्यामुळे ‘त्याच्याही आधी काही कानावर आलं होतं का? रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच.

आता प्रत्यक्ष बैठक. वेळ सकाळची, अंघोळ-चहा झाल्यावर आणि जेवणाच्या आत. सत्तरीपुढच्या माणसाला पाऊण तास पुरे. तासाच्या पुढे गेलात तर थकलेला माणूस लवकर आटपायला म्हणून सगळ्याला ‘हो हो’ म्हणू लागतो. कवळी आणि श्रवणयंत्र लावलेलं असावं, पाण्याचं भांडं हाताशी. मोबाइल पुरतो, फक्त तो विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन वाक्यात कुणाचा तरी फोन येतो आणि काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या पंचावर फोन ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर बांगडीचा, कपाचा प्रत्येक टकटकाट आत जातो. पंखा बंद. पंख्याची घरघर बसल्या जागी जाणवत नाही, पण नंतर लिहून काढताना वाक्यांचे शेवट ती खाऊन टाकते, आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज शेवटालाच खाली जातो. स्वयंपाकघरात कुकर लावू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. एक मिनिट चाचणी घेऊन ऐकून पाहा, मगच सुरू करा. सुरुवातीला तुमच्या तोंडून तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि जन्मसाल.

पहिला प्रश्न त्या दिवसाचा नको. ‘त्या सुमाराला राहायला कुठे होता? घरात कोण कोण होतं? दूध कोण आणायचं? पेपर कोणता यायचा?’ इथून सुरू करा. घर डोळ्यांपुढे उभं राहिलं की बातमी त्या घरात कुठल्या दारातून आली हे माणूस आपोआप सांगतं. उलट ‘रेडिओवर ऐकलंत ना?’ असं विचारलंत की तुम्हीच त्यांच्या आठवणीत रेडिओ आणून ठेवला. ‘कळलं कसं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. पाच-सात सेकंदांची शांतता विचारणाऱ्याला खुपते, पण चांगलं वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच येतं.

नवरा-बायकोला वेगवेगळं बसवा. एकत्र बसले की जो ठासून बोलतो त्याची आठवण दोघांची होते, आणि बहुतेक घरांत आजी ‘तसंच असेल’ म्हणून गप्प होतात. त्यांना वेगळं विचारलं की कळतं: त्या दुपारी दुकानं बंद झाली म्हणून रॉकेल मिळालं नाही, पाहुणे अडकले, रात्री पिठलं-भात टाकला. असे तपशील बऱ्याचदा बातमीच्या तासापेक्षा जास्त टिकाऊ निघतात.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. बातमी ऐकणारा आणि आघात सोसणारा, यांना एकाच रीतीने विचारता येत नाही. ३१ ऑक्टोबर ही तारीख शीख कुटुंबांसाठी तिथे संपत नाही. दिल्लीत पुढच्या काही दिवसांत झालेल्या हत्याकांडात सरकारी आकड्यानुसार २,७३३ माणसं मारली गेली. अशा घरात ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न गप्पांचा राहत नाही. आधी परवानगी, मग पर्याय: आज नको असेल तर नको, नाव नको असेल तर नको, मध्येच बंद करायचं असेल तर करा. वेळा जुळतात का, हे त्यांच्यासमोर तपासत बसू नका.

किल्लारीच्या भूकंपालाही हेच लागू आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यातली माणसं तारखेपेक्षा गणपती विसर्जनाची रात्र सांगतात आणि ती खूण अचूक आहे. पण त्या भागात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येही धक्के बसत होते, लोक तेव्हाही घराबाहेर झोपले होते. ‘आम्ही अंगणात निजलो होतो म्हणून वाचलो’ असं कुणी सांगितलं, तर ते कोणत्या वर्षीचं हे पुण्या-मुंबईतून ऐकणाऱ्याने विचारावं. ज्याचं माणूस माळवदाखाली, म्हणजे घराच्या जड मातीच्या छपराखाली गेलं, त्याला विचारू नये.

कधीकधी चूक आठवणीत नसते, बातमीतच असते. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर शरद पवारांनी, दंगल भडकू नये म्हणून, मुस्लिमबहुल वस्तीतल्या एका न झालेल्या स्फोटाचं नाव यादीत जोडून सांगितलं. हे त्यांनी स्वतःच नंतर उघडपणे मान्य केलं. ते नाव होतं मशीद बंदर. आता कुणी ‘मशीद बंदरलाही झाला होता’ म्हणालं तर लगेच खोडू नका. नरसी नाथा स्ट्रीटवर, काथा बाजारात, खरोखर स्फोट झाला होता आणि तो भाग मशीद स्टेशनजवळच येतो. नेमकी गल्ली विचारा. २६/११ बद्दल विचारताना अशीच खूण नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या कमांडोंची आहे: ते दृश्य २८ नोव्हेंबरच्या सकाळचं. बुधवारी रात्रीच्या आठवणीत ते आलं, तर तो टीव्हीवरचा शुक्रवार आहे.

लिहून काढायला वेळ राखून ठेवा. तासाभराच्या बोलण्याला सहज पाच-सहा तास लागतात, बोली गावाकडची असेल तर त्याहून जास्त. पानाचे तीन भाग करा. डावीकडे बोलणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे, ‘व्हतं’ असेल तर ‘व्हतं’च. मधे बातमी कशातून कळली. उजवीकडे तुमची तपासणी: वार, सण, सुटी, पेपर. १ नोव्हेंबर १९८४ चा अंक जुन्या वाचनालयांतल्या बांधीव फाइलींत सापडतो. ३१ तारखेच्या सकाळच्या अंकात अर्थातच बातमी नाही, पण जादा अंक निघाले होते का, ते विचारा. कुणी ‘सकाळच्या पेपरात वाचलं’ म्हणत असेल तर त्यांना गुरुवारी कळलं, किंवा जादा अंक हातात पडला होता. डावा भाग कधीही दुरुस्त करू नका. चुकीचं वाटलं तर उजवीकडे लिहा.

जमलं तर सहा-आठ महिन्यांनी, आधीचं काही न ऐकवता, तेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही वेळा जे सारखं येतं त्यावर जास्त भर द्यावा. जे बदलतं तेही पुसू नये.

फाइलीला नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस, मग गाव आणि आडनाव, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. तीन प्रती ठेवा: एक फोनबाहेर पेनड्राइव्हवर, एक संगणकावर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कुणाला ऐकवायला चालेल, किती वर्षांनी चालेल, नावासकट की नावाशिवाय, हे बोलणाऱ्याच्याच आवाजात रेकॉर्डिंगच्या शेवटी घ्या. घरच्यांनी नंतर भांडू नये म्हणून कागदावर सहीही.