आमची वाटचाल : खाली मी, वर तो

२०२५ च्या गणपतीत आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला २२ वर्षं झाली. मुलगा म्हणतोय बाबा दुकानाबद्दल चार ओळी लिहून द्या, "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय" असलं काहीतरी. म्हटलं ते पानपट्टीवालाही लिहितो, मी माझं लिहितो. कुणाला राग आला तर दुकानात या, चहा पाजतो, मजकूर बदलणार नाही.

सुरुवात ऑगस्ट २००३. सांगलीत हरभट रोडच्या आत एका बोळात दहा बाय बाराचा गाळा. मी आणि पार्टनर. पार्टनर म्हणजे आठवी ब पासूनचा, एकाच बाकावरचा. भांडवलात काय, तर ८३० नंबरचा पिवळा मल्टिमीटर एक, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न एक, मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर, आणि विंडोज एक्सपीच्या सीड्या (त्या कसल्या होत्या ते विचारू नका). आणि नशीब बघा, दुकान उघडून आठ दिवस झाले नाहीत तोवर ब्लास्टर व्हायरस आला. ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय, कॉम्प्युटर चालू केला, नेट जोडलं की साठ सेकंदांची उलटी मोजणी आणि मशीन बंद. गावातले सगळे सायबर कॅफेवाले वेडे व्हायची पाळी. आम्ही दोघं एकाच स्कूटरवर पॅचची (विंडोजमधलं भोक बुजवणाऱ्या अपडेटची) सीडी घेऊन फिरायचो, रनमध्ये जाऊन शटडाऊन मायनस ए मारायचं म्हणजे मोजणी थांबते, मग फायरवॉल चालू, मग पॅच. कॅफेवाल्याला वाटायचं जादूगार आलेत. पहिल्या पंधरा दिवसांत भाडं सुटलं.

नंतरची वर्षं बरी गेली, बऱ्या वर्षांचं काय सांगायचं. तीन बीप आले की रॅम काढायची, खोडरबरानं पाय घासायचे, परत बसवायची, शंभर रुपये. लोक म्हणायचे खोडरबराचे शंभर घेता, अहो खोडरबराचे दोनच, कुठं घासायचं त्याचे अठ्ठ्याण्णव. मग त्या काळातल्या मदरबोर्डचे फुगलेले कॅपॅसिटर. १००० मायक्रोफॅरड, सहा पॉइंट तीन व्होल्ट, डोक्यावर टेंगूळ आलेलं असायचं. आम्ही काढून दहा व्होल्टचे टाकायचो. त्यातले काही बोर्ड अजून चालतात. माल आणायला महिन्यातून एकदा मिरजेहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, लॅमिंग्टन रोड, आणि संध्याकाळी परत. मांडीवर हार्डडिस्कचा खोका घेऊन अख्खी रात्र बसून यायचो, बॅग वर ठेवायची नाही, धक्के लागतात. आता पोरं कुरिअरनं मागवतात आणि बॅड सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) आले की कंपनीला शिव्या घालतात.

याच काळात बाई आल्या. आठवीला मराठी शिकवायला होत्या आम्हाला, २००६ ला रिटायर झाल्या आणि फंडातनं पी-फोर (पेंटियम फोर) कॉम्प्युटर घेतला आमच्याकडून. कशाला, तर जात्यावरच्या ओव्या टाईप करायला. आजूबाजूच्या गावांत जाऊन म्हाताऱ्यांकडून उतरवून आणायच्या वहीत, आणि रात्री श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करायच्या. आता श्रीलिपी म्हटलं की डीटीपीवाल्यांना कळलंच असेल पुढचं दुखणं काय ते. डोंगल. प्रिंटर पोर्टला मागं लावायचं लॉक, ते नसलं तर सॉफ्टवेअर उघडत नाही. नवीन बोर्डांना तो पोर्टच नसतो, यूएसबीचा कन्व्हर्टर लावून बघितला, डोंगल ओळखतच नाही. आणि मजकूर युनिकोडमधला (सगळ्या मशीनवर सारखा दिसणारा) नाही, त्यामुळं मोबाईलवर घेतला की ओवीच्या जागी डॉलर, कंस, टोप्या. म्हणजे बाईंचं मशीन अपग्रेड करायचं नाही, नुसतं जगवायचं. तीन एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा), दोन बोर्ड (दुसरा भंगारातनं शोधून आणला), पंख्याला शिलाई मशीनचं तेल. बिल दिलं की बाई न बघता पैसे द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "अरे, तुझं शुद्धलेखन अजून तसंच आहे."

आता २०११. ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला. सांगलीवाल्याला थायलंडच्या पुराशी काय देणंघेणं, पण जगातल्या बऱ्याच हार्डडिस्क तिथल्या कारखान्यांत बनायच्या आणि ते कारखाने पाण्याखाली गेले. दोन-सव्वादोन हजाराची ५०० जीबी बघता बघता दुपटीवर. आमच्याकडं २५ डिस्क पडून होत्या जुन्या भावातल्या, आणि एका शाळेला २० कॉम्प्युटरचं कोटेशन दिलेलं होतं जुन्याच भावात, मुख्याध्यापकांनी सहीसुद्धा केलेली. पार्टनर म्हणाला कोटेशन रद्द कर, डिस्क सुट्या विकू. मी म्हटलं शब्द दिलाय. तो म्हणाला तू धंदा करतोयस का समाजसेवा. मी माल शाळेला दिला. हिशोब केला तर चाळीस-पंचेचाळीस हजारांवर पाणी सोडलं होतं मी, त्यातलं अर्धं त्याचं, हे मान्य आहे मला. पण भाऊबीज झाली आणि तो वेगळा झाला. वाटणीत त्यानं एसएमडी गन (गरम हवेनं बारीक पार्ट काढायची) घेतली, नवीन आणलेली, तीन महिन्यांची. मला मल्टिमीटर. त्याची डायोड रेंज तेव्हाच गेलेली होती.

आणि दुकान कुठं काढावं माणसानं? समोर. आमच्या बोळातच, समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. मी हसलो होतो तेव्हा, सतरा पायऱ्या चढून चार्जिंग पिन बदलायला कोण येणार म्हटलं. आले की. मोबाईलचं काम सगळं त्यानं ओढलं. कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र), चार्जिंग बोर्ड, आयसी गरम करणं, त्याचा हात चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या गिऱ्हाइकाला खिडकीतनं हाक मारून वर बोलवायचं, ही कुठली पद्धत?

२०१७ ला मेव्हणीच्या लग्नाला चार दिवस दुकान बंद होतं. आलो, पुढच्या महिन्यात बाईंचं मशीन सर्व्हिसिंगला आलं, कॅबिनेट उघडायला गेलो तर स्क्रूवर चकचकीत स्टिकर, "काढल्यास वॉरंटी रद्द", आणि खाली त्याच्या दुकानाचं नाव. बाईंची डिस्क टिकटिक करायला लागली होती म्हणे, घाबरून सत्तरीतली बाई सतरा पायऱ्या चढून गेली, त्यानं नवीन डिस्क टाकून क्लोन (जुनीची हुबेहूब कॉपी) करून दिली. योग्य तेच केलं त्यानं. पण मी दोन महिने बाईंशी नीट बोललो नाही, सुट्टे पैसे काउंटरवर ठेवायचो, हातात द्यायचो नाही. आज सांगायला लाज वाटते.

मग २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला ५३ च्या वर गेली होती, तेव्हा दुकानात दोन फूट पाणी. तिथं मी भिंतीवर रंगानं रेघ मारून ठेवलेली. त्यामुळं ऑगस्टात पाणी चढायला लागलं तेव्हा मी शहाण्यासारखा सगळा माल चार फुटांच्या रॅकवर चढवला, शटरला प्लास्टिक लावलं आणि बायकापोरांना घेऊन विश्रामबागला गेलो भावाकडं. या खेपेला नदी ५७ च्या वर गेली. माझ्या रॅकवर पावणेदोन फूट पाणी.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तो वास अजून नाकात आहे. गाळ, आणि त्यात किबोर्डाची बटणं. माझा माल गेला तो गेला, पण रिपेअरला आलेली लोकांची ३१ मशीन होती आत. इन्शुरन्सवाले म्हणाले ती तुमच्या मालकीची नाहीत, क्लेममध्ये बसत नाहीत. आणि तुमच्या मालाची बिलं दाखवा. बिलं खालच्या ड्रॉवरमध्ये होती. आलं ते शेवटी इतकं आलं की आकडा लिहीत नाही. ३१ जणांना एकेक करून फोन केले, आठ जणांनी काही मागितलं नाही, बाकीच्यांना दोन वर्षं हप्त्यानं देत होतो. बायकोच्या पाटल्या गेल्या त्यात.

आणि ३१ मधलं एक मशीन बाईंचं.

इथं एक सांगून ठेवतो, उपयोग होईल. पाण्यात गेलेली हार्डडिस्क चालू होते का बघायला लावायची नाही. डिस्क हवाबंद नसते, बहुतेक डिस्कांना एक बारीक भोक असतं हवेसाठी, शेजारी छापलेलं असतं की हे झाकू नका, तिथनं गाळाचं पाणी आत जातं आणि तुम्ही करंट दिला की हेड त्या गाळावरनं नांगर फिरवतं. तांदळात ठेवायची नाही. उन्हात ठेवायची नाही. मोबाईलही तांदळात ठेवू नका, नुसता बंद करून बॅटरी सुटत असेल तर सोडवा आणि लगेच कुणाकडं तरी न्या. पूर ओसरल्यावर महिनाभर मी हेच सांगत होतो आणि लोक तांदळाचा डबाच घेऊन येत होते.

बाईंची डिस्क मुंबईला विचारली, डेटा काढून देणारे लॅबवाले म्हणाले चाळीस हजारांपासून पुढं, गॅरंटी नाही. बाईंना काय सांगायचं? तीन दिवस सांगितलंच नाही. चौथ्या दिवशी त्या सतरा पायऱ्या मी चढलो. आठ वर्षांत पहिल्यांदा. वर सगळं कोरडं, त्याचं दुकान झकपक, इन्व्हर्टरवर पन्नासेक मोबाईल चार्जिंगला लावलेले, लोक जमिनीवर बसलेले. मला बघून म्हणाला, "बस." पाऊण तास बसवलं. मग मी विचारलं, बाईंची क्लोन केलेलीस ना, कॉपी ठेवलीयस का? काही बोलला नाही, ड्रॉवरमधनं काळी एक्स्टर्नल डिस्क काढली. फोल्डरचं नाव होतं "आठवी ब". २०१७ पर्यंतच्या सगळ्या ओव्या त्यात.

कॉपी व्हायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तो म्हणाला, "किती गेलं रे तुझं?" मी सांगितलं. तो हूं म्हणाला. मग पावती फाडली. डेटा कॉपी ५०० रुपये, जीएसटी १८ टक्के, एकूण ५९०. पूर ओसरून आठवडा झालाय, गावात प्यायला पाणी टँकरनं येतंय, आणि हा जीएसटी लावतोय. मी दिले. पावती आहे अजून माझ्याकडं, लॅमिनेट केलीय.

डोंगल गाळात सापडलं. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुतलं, ब्रशनं पिना घासल्या, दोन दिवस वाळवलं, चाललं. मधल्या दोन वर्षांच्या ओव्या वहीत होत्या, त्या बाईंनी परत टाईप केल्या.

लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाईन शाळेमुळं जुने लॅपटॉप खपले आणि हप्ते फिटले, त्याबद्दल जास्त काही नाही. आता अर्धी गिऱ्हाइकं टीव्हीची. टीव्हीला लावायची, नेटवरचे पिक्चर दाखवणारी स्टिक सारखी रिस्टार्ट होते, स्टिक खराब दिली म्हणून येतात. अहो टीव्हीच्या यूएसबीला लावलीय तुम्ही ती, तिथनं पुरेसा करंट मिळत नाही, बरोबर आलेला ॲडाप्टर वापरा, तो काय शोकेसला ठेवायला दिलाय का. राउटर टीव्हीच्या मागं लोखंडी कपाटात ठेवायचा आणि मग पिक्चर अडकतो म्हणायचं. मार्च २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीची जुनी कास्ट करायची (मोबाईलवरचं टीव्हीवर दाखवायची) डोंगलं एका दिवसात बंद पडली, कंपनीच्याच सर्टिफिकेटची मुदत संपली होती. मी गिऱ्हाइकांना सांगत होतो रिसेट मारू नका, गप्प बसा चार दिवस, आपोआप होईल. ज्यांनी ऐकलं त्यांची झाली, ज्यांनी मारला ते अजून माझ्याकडं रागानं बघतात. टाईप-सीची केबल सैल बसत असेल तर पिन बदलायच्या आधी मोबाईल बंद करून आत लाकडी टूथपिक हलक्या हातानं फिरवा, खिशातला कापूस निघतो. दहातल्या चार वेळा तेवढंच असतं. वरचा दुकानदार हे सांगणार नाही तुम्हाला.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून रोज एकजण विचारतो, मशीन भंगारात टाकू का. नका टाकू. इंटेलच्या आठव्या जनरेशनचं किंवा पुढचं असेल तर विंडोज ११ बसतं, बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची चिप) बंद असेल तो चालू करायचा, बहुतेक वेळा एवढंच. त्याच्या आधीचं असेल तर या, ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा अपडेट घ्यायची सोय दिलीय, नाहीतर लिनक्स टाकून देतो. आणि अजून साधी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी टाका, रॅम नंतर.

२०२१ ला जुलैत परत पाणी आलं, ५५ च्या आसपास. तेव्हा दुकानात नुसतं टेबल होतं माझं. माल सगळा वर, समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतलीय गोडाऊन म्हणून, त्याच्या दुकानाला लागूनच. दुसरी रिकामी नव्हती. जिन्याच्या ग्रिलची किल्ली त्याच्याकडं असते, मालकानं त्यालाच दिलीय, जुना भाडेकरू म्हणून. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं की मागायला जावं लागतं.