काकांचा ताप आणि टीबीची लस

काकांना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, नशीब की वरच्या थरातलाच, दुर्बिणीतून गाठ काढली आणि डॉक्टर म्हणाले आता दर आठवड्याला एक असे सहा डोस बीसीजीचे. मी म्हटलं बीसीजी?? ती दंडावर व्रण उठतो ती? तर हो, तीच. जिवंत पण कमजोर केलेले जंतू नळीतून थेट मूत्राशयात सोडतात आणि दोन तास लघवी धरून ठेवायची. काका या कुशीवरून त्या कुशीवर, काकू मोबाइलवर टायमर लावून, "अहो वळा आता". नंतर संडासात ब्लीच ओतायचं काम माझ्याकडे.

तिसऱ्या डोसनंतर संध्याकाळी काकांना हुडहुडी भरून ताप, लघवीला आग. काकूंचा चेहरा उतरला. फोन केला तर डॉक्टर म्हणे थोडा येतोच, पण चढत गेला किंवा दोन दिवसांत उतरला नाही तर लगेच आणा. उतरला सकाळी. पण मी तोवर रात्रभर वाचत बसलेलो.

तर भानगड अशी की जंतू अस्तराला चिकटले की तिथल्या पेशी सायटोकाइन सोडतात, म्हणजे एकमेकींना मारलेल्या हाकाच. त्यातलं इंटरल्यूकिन ८ न्यूट्रोफिलना (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) गोळा करतं, मागून टी सेल (बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात आणि ते गॅमा इंटरफेरॉन, म्हणजे आणखी एक सायटोकाइन, सोडतात, आणि मला सगळ्यात भारी हेच वाटलं. कॅन्सरची पेशी पुष्कळदा आपली ओळख लपवून बसते, आतल्या प्रोटीनचे तुकडे बाहेर मांडतच नाही. हा इंटरफेरॉन पोचला की तिला ते परत मांडायला लावतो, मग टी सेलला ती सापडते, परफोरिन नावाच्या प्रोटीननं तिला भोकं पाडायची आणि ग्रॅन्झाइम, म्हणजे पेशी मारणारी एन्झाइम्स, आत, खेळ खलास. टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, हाही सायटोकाइनच) तर पेशीला बाहेरून चिकटूनच तिला आत्महत्या करायला लावू शकतो. पण तोच इंटरफेरॉन पेशीवर पीडी-एल१ नावाचं प्रोटीन पण वाढवतो, म्हणजे टी सेलला ब्रेक. म्हणजे हाक मारणाराच गप्प पण करतो, कमाल आहे.

न्यूयॉर्कच्या विल्यम कोली नावाच्या सर्जननं १८९१ मध्येच मुद्दाम इन्फेक्शन देऊन गाठी विरघळवायचा प्रयत्न केलेला. टीएनएफला नाव मिळालं १९७५ मध्ये, मग लोकांना वाटलं हेच सलाइनमधून देऊ, तर पेशंटचं बीपीच कोसळायला लागलं. बीसीजीची गंमत म्हणजे सगळा राडा मूत्राशयापुरता राहतो, निदान बऱ्यापैकी. कॅनडात मोरालेस नावाच्या डॉक्टरनं १९७६ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरला बीसीजी देऊन पाहिल्याचा फक्त ९ पेशंटवरचा अनुभव छापला होता.

हे सगळं मी काकांना उत्साहानं सांगितलं आणि तीच चूक झाली. चौथ्या डोसला ताप आलाच नाही, तर काका दर तासाला काखेत थर्मामीटर, "लागू पडत नाहीये वाटतं". शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं ताप नाही म्हणजे काम होत नाही असं नसतं. आता थर्मामीटर काकूंनी कपाटात टाकलाय, किल्ली त्यांच्याकडे.