आबांनी विचारलेली फट

जूनमध्ये घरी गेले तेव्हा आबा दारात शाडू मळत बसले होते. त्या दिवसांत शाहूपुरीच्या आमच्या कुंभार गल्लीत दुसरं काही सुचतच नाही. मला बघताच म्हणाले, "दिसाला किती फूट जातंय गं तुजं मशीन?"

सगळे हेच विचारतात. पण शहराखालच्या मऊ जमिनीत टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं आमचं मशीन, नीट चाललंय का, हे वेगावरून कळत नाही. शिफ्टला माझा डोळा असतो माती वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरच्या वजनकाट्यावर. साडेसहा मीटरचं भोक, 1.4 मीटर रुंदीची बोगद्याच्या काँक्रीट अस्तराची एक रिंग, म्हणजे जमिनीतली साधारण 46 घनमीटर माती निघायला हवी. पन्नास निघाली तर वरची चार कुठली? डोक्यावरची. आणि तिथं लोकांची घरं आहेत.

बाकी आमचंही काम माती मळण्याचंच. कटरहेड म्हणजे मशीनचं खणणारं फिरतं तोंड; त्याच्या मागच्या बंद कोठीत खणलेली माती दाबून भरलेली असते, तिच्या जोरावर समोरची जमीन आणि पाणी थोपून राहतं. ती बाहेर काढतो स्क्रू कन्व्हेयर, म्हणजे नळीत फिरणारा मोठा स्क्रू, आणि त्याच्या तोंडाशी आम्ही, साध्या हवेत. मध्ये बूच म्हणून फक्त ती मातीच! पातळ झाली तर पिचकारी उडते, समोरचा दाब उतरतो. चिकट राहिली तर कटरहेडला लिंपून बसते, ते फिरवायला लागणारा जोर, टॉर्क, चढतो. म्हणून फेस सोडून ती लुसलुशीत करायची, काँक्रीट किती घट्ट-पातळ ते बघायच्या स्लम्प कोनने तपासायची. मी तरीही चिमूटभर घेऊन बोटांत चोळतेच.

कोलकात्यात हुगळीखालून 520 मीटर बोगदे सुखरूप गेले. पुढे 2019च्या ऑगस्टअखेर बोबाजारात मशीनला पाण्याचा थर लागला, वरची घरं पडली. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत पंचगंगेचं पाणी होतं. हातात पिशव्या घेऊन घराबाहेर उभी असलेली बोबाजारची माणसं टीव्हीवर दिसली तेव्हा मला पुढे बघवेना.

आबांचा हात थांबला. "आन मशीन फुडं सरकल्यावर मागं फट ऱ्हात आसंल की."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. भोक मोठं, रिंग लहान, भोवती वीतभरही नसलेली पोकळी. मशीन सरकत असतानाच तिथे ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, जातं आणि काही सेकंदांत थिजतं. उशीर झाला की जमीन खचते.

"वल्ल्यातच भरायची," म्हणत त्यांनी मूर्तीच्या दोन अर्ध्यांचा सांधा अंगठ्याने दाबत दाबत मानेपर्यंत नेला.