किशोरवयीन मुलांची झोप, चिडचिड आणि आपण

घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल असले की रात्रीच्या जागरणावरून आणि सकाळी न उठण्यावरून रोज खटके उडतात, आणि बहुतेक पालक त्याचे खापर आळसावर फोडून मोकळे होतात. वास्तविक वयात येताना झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. १३ ते १८ या वयातली झोपेची गरज मात्र ८ ते १० तासांची असते आणि शाळेची वेळ काही पुढे सरकत नाही. ही तूट चिडचिडीतून बाहेर पडते व आपण तिलाच उद्धटपणा समजतो.

म्हणूनच महत्त्वाचे बोलणे सकाळच्या घाईत काढूच नये, असे माझे मत आहे. माझी मुलगी समोर बसवून विचारले की ‘काही नाही’च्या पलीकडे जात नाही, पण कपड्यांच्या घड्या घालताना, नजर हातातल्या कामावर असताना, मैत्रिणीशी धरलेला अबोला आपणहून सांगते. तेव्हा लगेच उपदेश सुरू केला (मोह आवरत नाही, हे खरे), तर बोलणे तिथेच खुंटते.

नियम नकोत, असे नाही. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे रात्री फोन खोलीबाहेर ठेवण्यासारखे मोजके नियम मुलांशी बोलून ठरवावेत आणि ते मोठ्यांनीही पाळावेत. खाणे तुटले, मित्र तुटले आणि हे काही आठवडे टिकले, तर मात्र वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांना भेटावे.