दयाला एकदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करा

टीव्हीवर ‘सीआयडी’ ही मालिका लागली की आमचे हे आधी घड्याळाकडे बघतात. खुनी कोण ते पहिल्या पंधरा मिनिटांत सांगायचं, नंतर सांगितलं तर धरायचं नाही, असा आमच्यातला ठराव आहे. यांचं सूत्र साधं आहे. जो न विचारता पोलिसांना माहिती पुरवतो आणि कॅमेरा ज्याच्यावर उगाच दोनदा जातो, तो खुनी. बहुतेक वेळा बरोबर निघतं. मी हरते, कारण मी पुरावा बघत बसते. काय करणार, एकतीस वर्षं सेशन्स कोर्टात नोकरी केली, त्यातली शेवटची तेरा बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांसमोर बसून कागद सांभाळणारी, म्हणून.

एक आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसती खुसपटं काढणारी. १९९८च्या जानेवारीत मालिका सुरू झाली तेव्हापासून मी बघतेय. २०१८मध्ये बंद झाली तेव्हा दीड हजाराच्या वर भाग झाले होते, आणि शेवट इतका घाईघाईत उरकला की मला घरातलं कुणी न सांगता गाव सोडून गेल्यासारखं वाटलं. डिसेंबर २०२४मध्ये परत आली तेव्हा सगळ्यात आधी फ्रेडरिक्स आठवला. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस त्याच्या आदल्याच डिसेंबरात गेले होते. फ्रेडरिक्सच्या त्या बायकोबद्दलच्या तक्रारी आम्ही किती वर्षं ऐकल्या! टीमचे प्रमुख एसीपी प्रद्युम्न आणि प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे यांच्यातली ती लहान पोरांसारखी भांडणं तर मी आजही रिवाइंड करून बघते. दोन म्हातारी माणसं एकमेकांवर प्रेम करतात आणि बोलताना फक्त टोमणे मारतात. हे लिहिणाऱ्याला माणसं कळतात, यात शंकाच नाही.

म्हणून तर राग येतो.

माझी नणंद आणि मी यावरून फोनवर तासतास भांडतो. तिची मागणी एकच, इन्स्पेक्टर अभिजीत आणि प्रयोगशाळेतल्या डॉ. तारिकाचं काहीतरी एकदा मार्गी लावा. भाचीला दारं तोडणारा इन्स्पेक्टर दया आणि त्याची सहकारी श्रेया एकत्र हवेत. अभिजीतची गेलेली स्मृती हा प्रकार तर लेखकांनी लोणच्याच्या बरणीसारखा वापरलाय. जेवण बेचव झालं की बरणी काढायची, एक फोड वाढायची आणि झाकण लावून परत फळीवर. त्या माणसाला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही आणि तो रोज दुसऱ्यांचे भूतकाळ उकरतो, यावर खरं तर पूर्ण वर्षभर लिहिता आलं असतं. एप्रिल २०२५मध्ये एसीपींनाच बॉम्बस्फोटात मारलं. नणंद रडली, मी गप्प बसले. मग नवे एसीपी आयुष्मान आले आणि थोड्याच आठवड्यांत जुने एसीपी जिवंत परत. मला ते परत आले याचा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण ज्यांनी त्यांना मेलेलं मानून ड्यूटी केली, त्या माणसांचं काय झालं ते कुणी लिहिलंच नाही. साळुंखेंना तरी एक रात्र द्यायची होती.

प्रयोगशाळेवरून मी भांडत नाही. लोक तिथेच फार हसतात: परीक्षानळीत काहीतरी निळं टाकलं, लाल झालं, विष सापडलं. अहो, चाळीस मिनिटांत गोष्ट संपवायचीय, तर रंग झटकन बदलणारच. प्रत्यक्षात व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातून काढलेले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात, सीलबंद बरणीत जातो आणि मी रोजनाम्यावर ‘सीए (रासायनिक तपासणी) रिपोर्ट प्रलंबित’ एवढं किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. ते दाखवलं तर प्रेक्षक झोपतील. मुंबईत एसीपी आणि वर सीआयडी हेही मी पोटात घालते, खऱ्या राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात असलं तरी. गोष्टीला एवढी सूट द्यावीच लागते.

माझं भांडण शेवटच्या तीन मिनिटांशी आहे. सगळे एका हॉलमध्ये जमतात, एसीपी बोटं फिरवतात, दया एक सणसणीत थोबाडीत ठेवून देतो आणि खुनी घडाघडा बोलायला लागतो. का मारलं, कसं मारलं, चाकू कुठे टाकला. मग एसीपी त्याला फाशी सुनावून टाकतात आणि नावं वर जायला लागतात. त्यांची गोष्ट जिथे संपते ना, तिथे आमची फाइल उघडायची. आणि ती कबुली त्या फाइलमध्ये कवडीच्या कामाची नसायची. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ला होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमात कलम २३ला आहे. इंग्रज गेले, कायद्याचं नाव बदललं, पण हा नियम हलला नाही, कारण थोबाडीत खाल्ली की माणूस काय काय कबूल करतो हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून वस्तू निघाली तर त्याच्या बोलण्यातला तेवढाच तुकडा चालतो. म्हणजे नाट्य हवं असेल तर ते थोबाडीत नाही, त्या जागेवर आहे. नाल्याच्या काठावर, दोन पंचांसमोर, चाकू निघतो की नाही यात.

आणि फाशी? ती एसीपींनी सुनावली म्हणून होत नाही. १९८०पासून सर्वोच्च न्यायालयाची ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी आहे, आणि सेशन्सने फाशी दिली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

एक प्रसंग सांगते. खुनाचा खटला, घटनेला सहा वर्षं होऊन गेलेली. मुद्देमाल मागवला. खाकी कागदाचं पाकीट, त्यावर लाखेचं सील, बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या. सील साहेबांना दाखवून शिपायाने ते फोडलं आणि लाखेचे कण माझ्या टेबलावर सांडले. आत चाकू. गंजलेला, मुठीला दोरा गुंडाळलेला, आणि इतका लहान की मागच्या बाकावरचं कुणीतरी पुटपुटलं, “हाच?” पिंजऱ्यात पंच उभा होता, पोलीस चौकीसमोर पानाची टपरी चालवणारा. सरकारी वकिलांनी विचारलं, हाच का तो चाकू? त्याने हात मागे बांधले आणि वाकून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “असाच होता साहेब. पण हाच होता असं मी कसं सांगू?”

तो फितूर नव्हता. खरं बोलत होता. त्या एका वाक्याने सरकारी वकिलांचा चेहरा उतरला, आणि समोर मयताची आई बसली होती, तिला नक्की काय झालं तेच कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काही लिहिलं की ते बदलेल. मी लिहिलं. पंचाने जे सांगितलं तेच, जसंच्या तसं.

असा एक भाग मला सीआयडीत हवाय. एकच. टपरीवाला पंच, गंजका चाकू आणि समोर अभिजीत, ज्याला पक्कं माहीत आहे की हाच तो चाकू. हे जमणार नाही असं मी ऐकून घेणार नाही. याच मंडळींनी २००४ साली १११ मिनिटांचा अख्खा भाग एकही कट न घेता चित्रित केला होता. ज्यांना ते जमतं त्यांना कोर्टरूममध्ये अर्धा तास काढणं जड नाही.

नव्या कायद्यांनी तर लेखकांना ताटात वाढून दिलंय. आता झडती आणि जप्तीचं दृक-श्राव्य चित्रीकरण करावं लागतं. विचार करा, दया दाराला खांदा लावतोय आणि मागे एक हवालदार मोबाइल आडवा धरून उभा, “सर, जरा थांबा, स्टोरेज फुल्ल झालंय.” तसंही दार तोडायच्या आधी आपण कोण ते सांगून आत येऊ द्या म्हणावं लागतं, हे कायद्यात पूर्वीपासूनच आहे. पुढे बचावाचा वकील तेच रेकॉर्डिंग लावून विचारेल, दार उघडायला तुम्ही किती सेकंद दिलेत? दयाने एवढ्या वर्षांत इतकी दारं तोडली, एकाचाही जाब कुणी विचारला नाही. त्या गप्प, थोराड माणसाला उत्तर द्यायला लावा की! दया साकारणाऱ्या दयानंद शेट्टींना खांद्यापलीकडेही काम येतं.

कुणी लिहीत नाही म्हटल्यावर मागच्या महिन्यात मीच वही काढली. उलटतपास लिहायचा ठरवला, प्रश्न भराभर सुचले, ते कान आयुष्यभराचे आहेत. “आरोपीने तुमच्यासमोर कबुली दिली, त्याआधी त्याला कुणी मारलं होतं का?” हा प्रश्न लिहिला आणि पेन थांबलं. दया ‘नाही’ म्हणाला तर तो शपथेवर खोटं बोलला, आणि मला आवडणारा दया खोटं बोलत नाही. ‘हो’ म्हणाला तर खुनी सुटायची शक्यता, आणि पुढच्या बाकावर मयताची आई बसलेली आहे. बारा दिवस ती ओळ तशीच कोरी आहे. शेवटी न राहवून यांना विचारलं, दया काय उत्तर देईल हो?

यांनी टीव्हीवरून नजरही हलवली नाही. “काही नाही. कोर्टाचं दार तोडून बाहेर जाईल.”