डेनाली: अस्वलाआधी नदी

अलास्कातल्या डेनाली नॅशनल पार्कला निघालेला जो तो अस्वलांबद्दल विचारतो. मला विचाराल तर नद्यांबद्दल विचारा.

पार्कात रस्ता एकच, ९२ मैलांचा. उन्हाळ्यात खासगी गाडी पहिले १५ मैल, सॅव्हेज नदीपर्यंत, पुढे बस. वाटेतल्या प्रिटी रॉक्सजवळ जमिनीखालचा गोठलेला थर वितळून उतार सरकू लागला आणि २०२१ पासून बस ४३व्या मैलावरून परतवाव्या लागल्या. रस्ता कुठवर खुला आहे, हे बुकिंगआधीच बघा. तिकीट साध्या ट्रान्झिट बसचं काढा. हवं तिथे उतरता येतं. परतताना हात दाखवला की थांबते, पण जागा असली तरच. मोठ्या घोळक्याला ताटकळावं लागतं.

उतरलात की पायवाट नाही. बसमधून टुंड्रा, म्हणजे इथला झाडं नसलेला थंड प्रदेश, कापलेल्या हिरवळीसारखा दिसतो, प्रत्यक्षात पाऊल घोट्यापर्यंत शेवाळात रुततं आणि विलोची झुडपं छातीला लागतात. तासाला दीड-दोन किलोमीटर झाले तरी खूप. म्हणून सगळे नदीच्या गोट्यांच्या पात्रातून चालतात, आणि तिथे कधी ना कधी पलीकडे जावंच लागतं.

पाणी हिमनदीचं, दगडाची भुकटी मिसळलेलं, सिमेंट कालवल्यासारखं करडं. तळ दिसत नाही, म्हणून कान द्यायचा: खाली धोंडे गडगडताना ऐकू आले तर तिथे उतरायचं नाही. दिवसभर बर्फ वितळून संध्याकाळी पाणी चढतं, तेव्हा ओलांडायचं ते पहाटे. अरुंद जागा मोहात पाडते, पण पाणी तिथेच खोल आणि जोराचं असतं. पात्र पसरून पाच-सहा धारा झालेली जागा शोधा. बूट पायातच ठेवा, सॅकचा कमरपट्टा सोडा. पडलात तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे. गुडघ्याच्या वर जोर लागला की मुकाट्याने मागे फिरा.

मुक्कामाचा परवाना काढताना अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा मिळतो. टूथपेस्टसुद्धा त्यातच. तंबू, चूल आणि डबा एकमेकांपासून १०० यार्डांवर. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) विमानात चालत नाही, अँकरेज किंवा फेअरबँक्सला विकत घ्या आणि सॅकमध्ये नव्हे, कमरेला लावा. अस्वलापासून ३०० यार्ड लांब राहायचं. मूस (इथलं अवाढव्य हरीण) अंगावर आला तर पळायचं, अस्वलासमोर मात्र अजिबात नाही.

ऑगस्टमध्ये ग्रिझली अस्वल झुडपात मुंडी खुपसून बेरी ओरबाडत असतं. शेजारी नदी खळाळत असेल तर त्याला तुमची चाहूल लागत नाही. तिथे अस्वल दिसेपर्यंत थांबू नका, आधीपासूनच मोठ्याने बोलत चला.